सोबतीची नोंद कुठे करायची?

लग्नाच्या गाठी वर बांधल्या जातात, असे आपण म्हणतो. त्या खरोखर कुठे बांधल्या जातात याविषयी मतभेद असू शकतील. पण त्यांचा दाखला मात्र खालीच मिळतो. नाशिककरांना तो महापालिकेच्या विभागीय कार्यालयात मिळतो, खेड्यात ग्रामपंचायतीत मिळतो आणि ज्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले त्यांना विवाह अधिकाऱ्याकडे मिळतो. मंगलाष्टके, सप्तपदी, वरात, जेवणावळी हे सारे एक-दोन दिवसांत आटोपते. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षे उपयोगी पडतो तो हा कागद. पारपत्राला तो लागतो, बँकेत लागतो, कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या वेळी लागतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो एकदा कपाटात ठेवला की वर्षानुवर्षे उघडूनही पाहिलेला नसतो. त्याची आठवण होते ती अडचणीच्या दिवशी.

समलिंगी जोडप्यांच्या विवाहावरून आपल्याकडे गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्यात दोन्ही बाजूंनी संस्कृती, निसर्ग, स्वातंत्र्य, समता असे मोठे शब्द वापरले जातात. ते शब्द महत्त्वाचे आहेतच. तथापि आज हा वाद थोडा खाली, कपाटातल्या त्या कागदापर्यंत आणून पाहावा, असे वाटते. कारण ज्यांच्याविषयी हा वाद आहे ती माणसे आपल्याच आळीत, आपल्याच नात्यात राहतात आणि त्यांच्या अडचणीचा दिवसही आपल्यासारखाच कधी तरी येतो.

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. २०२२ साली मनमाडजवळच्या एका शिवमंदिरात एक लग्न लागले. वर पुरुष, वधू तृतीयपंथी. मुलाच्या घरच्यांनी तिला सून म्हणून स्वीकारले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, काही दिवस चर्चा झाली आणि गाव आपल्या कामाला लागले. या लग्नाकडे कुतूहलाने पाहणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल, की अशा विवाहाला आपल्या कायद्यात जागा आहे. तृतीयपंथी व्यक्तीला स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला. पुढे २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्यातील ‘वधू’ या शब्दात तृतीयपंथी स्त्रीचाही समावेश होतो, असा निर्णय दिला. हा तामिळनाडूतील एका जोडप्याचा खटला होता. मंदिरात लागलेल्या त्यांच्या लग्नाची नोंद करण्यास निबंधकाने नकार दिला होता.

त्याच्या आधीचे, २०१७ च्या अखेरीचे दुसरे उदाहरण यवतमाळचे. मूळचा तिथला, पण अमेरिकेत स्थायिक झालेला एक तरुण आणि त्याचा व्हिएतनामी जोडीदार यांनी नातेवाईक व मित्रांच्या उपस्थितीत यवतमाळात लग्नसोहळा केला. अमेरिकेत २०१५ पासून अशा विवाहांना देशभर मान्यता आहे. म्हणजे ज्या देशात या जोडप्याने संसार मांडला तिथे त्यांचे नाते कायदेशीर होऊ शकते. मात्र ज्या गावी आप्तांनी अक्षता टाकल्या असतील, तिथे त्याची नोंद घेणारे एकही टेबल नाही. मनमाड आणि यवतमाळ यांच्यात अंतर आहे ते एवढेच. पहिल्या लग्नात कायद्याला एक पुरुष आणि एक स्त्री दिसते, दुसऱ्यात दिसत नाही.

यवतमाळच्या त्या सोहळ्याच्या वेळी तर भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ अजून जिवंत होते. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या या कायद्याने समलिंगी संबंध हा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेच्या किंवा जन्मठेपेच्या शिक्षेचा गुन्हा ठरविला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्यातून सज्ञान व्यक्तींची सुटका केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती सुटका काढून घेतली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती एकमताने परत दिली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर हे कलमच राहिलेले नाही. परंतु गुन्हेगाराच्या यादीतून नाव वगळणे वेगळे आणि कुटुंबाच्या यादीत नाव घालणे वेगळे. २०१८ नंतरचा सारा वाद या दुसऱ्या यादीचा आहे.

हा वाद सर्वोच्च न्यायालयात एप्रिल-मे २०२३ मध्ये दहा दिवस चालला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा अर्थ असा लावावा की त्यात समलिंगी जोडप्यांनाही विवाह करता येईल, ही अर्जदारांची मुख्य मागणी होती. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाची सुरुवात ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’पासून होते, पण पुढे वयाची अट सांगताना पुरुष एकवीस आणि स्त्री अठरा असा उल्लेख येतो. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची मुले, ही भारतीय कल्पना असून तिच्यात बदल करणे हे न्यायालयाचे काम नाही, अशी केंद्र सरकारची भूमिका होती.

निकाल १७ ऑक्टोबर २०२३ रोजी लागला. विवाह करणे हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात न्यायालयाला शब्द घालता येणार नाहीत, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. तृतीयपंथी व्यक्तीने स्त्री-पुरुष नात्यात केलेला विवाह विद्यमान कायद्यांनुसार ग्राह्य आहे, यावरही एकमत झाले. म्हणजे मनमाडसारख्या विवाहांवर शिक्कामोर्तब झाले. मतभेद झाला तो पुढच्या पायरीवर. विवाह नाही, पण समलिंगी जोडप्यांना नागरी सहजीवनाचा, म्हणजे सरकारने मान्य केलेल्या एखाद्या बंधनात येण्याचा हक्क आहे काय? सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी ‘आहे’ असे म्हटले. न्यायमूर्ती रवींद्र भट, हिमा कोहली आणि नरसिंह यांनी, दोघांनी एकत्र राहण्याला कोणाची हरकत असू शकत नाही, परंतु त्या नात्याला कायदेशीर दर्जा द्यायचा तर तो कायदेमंडळानेच द्यावा, असे सांगितले. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ती पायरी तिथेच थांबली. फेरविचाराचे अर्जही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळले गेले.

न्यायालयाने दार बंद केले, असे या निकालाचे वर्णन पुष्कळांनी केले. निकालपत्र नीट वाचले तर असे दिसते, की त्या दाराची किल्ली कोणाकडे आहे हे न्यायालयाने सांगितले आहे. समलिंगी जोडप्यांना रोजच्या व्यवहारात काय अडचणी येतात हे पाहण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे सरकारने कबूल केले होते. ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्यानंतर काही आदेश निघाले. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरचे समजावे, संयुक्त बँक खाते उघडायला व जोडीदाराचे नाव वारसदार म्हणून नोंदवायला आडकाठी नसावी, निकटचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, अशा या सूचना आहेत. त्या स्वागतार्ह आहेत. एका घरात दोन चुली नाहीत, एकच आहे, हे निदान शिधावाटप खात्याने तरी मान्य केले.

पण हे पुरेसे आहे काय? समजा, गंगापूर रोडवरच्या एका सदनिकेत दोघी जणी वीस वर्षे राहत आहेत. एक शिक्षिका, दुसरी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबनीस. सदनिका एकीच्या नावावर आहे, कर्जाचे हप्ते दोघींनी फेडले आहेत. शेजारी त्यांना मैत्रिणी समजतात, कोणी बहिणी समजतात. त्याही कोणाचा गैरसमज दूर करायला जात नाहीत. एके दिवशी सदनिकेच्या मालकिणीला झटका येतो. रुग्णालयातल्या कागदावर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना असतो. त्यात काय लिहायचे? ‘मैत्रीण’ असे लिहिले, तर जबाबदार नातेवाइकाला बोलवा, असे सांगितले जाण्याची शक्यता अधिक. आणि तो नातेवाईक दहा वर्षे घराची पायरी न चढलेला भाऊ असू शकतो.

ती बाई मृत्युपत्र न करताच गेली, तर पुढचे गणित अगदी स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अविवाहित, निपुत्रिक स्त्रीची मिळकत आई-वडिलांकडे जाते. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भाऊ-बहिणींकडे. वीस वर्षे हप्ते भरणारीचे नाव त्या यादीत कुठेच येत नाही. बँकेच्या खात्यावर तिचे नाव लावलेले असले, तरी त्याने मालकी येत नाही. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या संपत्तीसंबंधीच्या खटल्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या समभागांबाबत हेच पुन्हा स्पष्ट केले, की ज्याचे नाव नोंदविलेले असते तो मालक होत नाही, वारसा ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. म्हणजे २०२४ च्या सूचनेने जोडीदाराला रक्कम हाती घेता येईल. पण खऱ्या वारसांनी मागितली तर ती त्यांच्या स्वाधीन करावी लागेल.

आपल्या नाशकात नात्यांच्या नोंदीला फार जुनी परंपरा आहे. गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावोगावच्या घराण्यांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या आहेत. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्या माणसाला पणजोबाचे नाव त्या वहीत सापडते, तेव्हा त्याचे डोळे भरून येतात. आपण एकटे नाही, कोणाचे तरी कोणी आहोत, असे ती वही सांगते. अस्थी घेऊन येणाऱ्याला ‘तुम्ही मृताचे कोण?’ हा प्रश्न तिथेही येतोच. वीस वर्षांच्या सोबतीला या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येऊ नये, यासारखे एकाकीपण कोणते? आणि पार्थिवासंबंधीची सरकारी सूचना तरी काय म्हणते? निकटचे नातेवाईक नसतील तेव्हा. ते असतील आणि त्यांनी सोबतिणीला दारातच अडवले, तर तिने मुकाट्याने मागे फिरायचे.

जिवंतपणीचे व्यवहारही सोपे नाहीत. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला कितीही रक्कम भेट दिली, तरी घेणाऱ्याला त्यावर आयकर लागत नाही. नात्याबाहेरच्या व्यक्तीकडून वर्षभरात पन्नास हजार रुपयांपेक्षा अधिक भेट मिळाली, तर ती उत्पन्नात धरली जाते. समलिंगी जोडीदार या हिशेबात परका ठरतो. याविरुद्ध एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली असून, ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने त्यावर देशाच्या महान्यायवादींना नोटीस काढली. एक-एक तरतूद अशी वेगळी काढून न्यायालयात न्यायची, तर निवृत्तिवेतन, विमा, अवयवदान, भाडेकरार यांसाठी किती खटले आणि किती वर्षे लागतील, याचा अंदाजही करवत नाही.

यावर घराघरांत जे आक्षेप घेतले जातात ते उडवून लावण्यासारखे नाहीत. ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे’ हा पहिला. याला उत्तर आपल्या मराठी इतिहासातच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक ज्या शंका विचारीत, त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीच्या शंकाही असत. अशाच प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात मांडली. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण ते प्रश्न विचारणारे लंडनचे नव्हते, मराठी वाचकच होते. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक १९९० मध्ये निघाले, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि या विषयावर मराठीत सातत्याने लिहिले. बाहेरून आलेले काही असेल, तर ते १८६० चे कलम.

‘विवाहसंस्था मोडेल’ हा दुसरा आक्षेप. आपल्या समाजाने हे वाक्य पूर्वीही ऐकलेले आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीवाचून लग्न लावले, तेव्हा ते लग्नच नव्हे असे म्हणणारे पुष्कळ होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पण सदतीस वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. हिंदू कोड बिल रखडले म्हणून आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. घटस्फोट आणि एकपत्नीत्व कायद्यात यायला १९५५ उजाडावे लागले. इतके सारे होऊनही आपल्याकडे वैशाखात मंगल कार्यालय मिळणे मुश्किल असते. लग्नाची चौकट प्रत्येक वेळी थोडी रुंद झाली आणि आत आलेल्यांनी ती मोडली नाही, उलट तिला टेकून उभे राहिले.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. वडीलधाऱ्यांच्या मनातली धास्ती केवळ हट्टातून येत नाही. मुलाचे कसे होणार, म्हातारपणी त्याला कोण पाहणार, लोक काय म्हणतील, या काळजीतून ती येते. या काळजीपोटीच ‘लग्न झाले की सुधारेल’ असे म्हणून मुलाला बोहल्यावर उभे केले जाते. त्यात दोघांचे आयुष्य नासते. त्याचे तर नासतेच; पण ज्या मुलीला काहीही न सांगता या घरात आणले, तिचा अपराध काय? दोन-तीन वर्षे माझ्यातच काही कमी आहे असे समजून ती कुढत राहते, आणि पुढे माहेर व न्यायालय यांच्यामध्ये तिच्या खेपा सुरू होतात. विवाहसंस्थेची काळजी वाहणाऱ्यांनी या विवाहांचाही विचार करायला हवा. ज्या मुलाला आपल्या सोबत्याशी नाते उघडपणे जोडता येईल, त्याला असे खोटे लग्न करण्याची गरज उरणार नाही.

तिसरा प्रश्न मुलांचा. तो अवघड आहे आणि न्यायालयही त्यावर तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले. जोडपे म्हणून दत्तक घेण्याचा मार्ग आज त्यांना बंद आहे. पण अविवाहित व्यक्तीला दत्तक घेता येते. फक्त एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. म्हणजे अशा घरात मूल येऊ शकते. फक्त त्याला कायद्याने एकच पालक मिळतो. त्या पालकाचे उद्या बरे-वाईट झाले, तर दुसरा माणूस मुलाचा कोणीच नसतो. यात मुलाचे कोणते हित साधले जाते, हे समजणे कठीण आहे.

आता पर्यायाकडे येऊ. विवाह हा शब्द आज संसदेला पेलणारा नसेल, तर नोंदणीकृत सहजीवनाचा वेगळा कायदा करता येईल काय? जगात ही वाट नवी नाही. डेन्मार्कने १९८९ मध्ये ती प्रथम दाखविली. फ्रान्सने १९९९ मध्ये केलेला सहजीवन करार स्त्री-पुरुष जोडप्यांनाही खुला ठेवला. आज तो करणाऱ्यांत बहुसंख्य तेच आहेत. ब्रिटनने २००५ मध्ये नागरी भागीदारी आणली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ पासून विवाहही खुला केला. आपल्या शेजारी नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा विवाहाची नोंद झाली. थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून कायदा अमलात आला.

यांत आपल्याला जवळचे वाटावे असे उदाहरण आयर्लंडचे आहे. कॅथलिक धर्माचा मोठा पगडा असलेल्या या देशात घटस्फोटालाही १९९५ च्या सार्वमतापर्यंत परवानगी नव्हती. समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होता, तोही इंग्रजांच्याच कायद्याने. २०११ पासून तिथे नागरी भागीदारीची नोंद होऊ लागली. लोकांनी चार वर्षे ती जोडपी शेजारी म्हणून पाहिली आणि २२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी विवाहालाच मान्यता दिली. त्याआधी काही महिने तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी आपण समलिंगी असल्याचे नभोवाणीवर सांगितले होते. त्यांचे नाव लिओ वराडकर. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यातील वराड. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये वराडला आले तेव्हा गावाने त्यांचे कौतुकाने स्वागत केले. आपल्या गावच्या मुलाने तिकडे नाव काढले, याचा अभिमान मालवणी माणसाला वाटला. हाच मुलगा वराडमध्येच राहिला असता तर?

वेगळा कायदा म्हणजे दुय्यम दर्जा, आम्हांला मागच्या दाराने घरात घेता, असा आक्षेप समलिंगी चळवळीतील अनेक जण घेतात. तो खरा आहे. आयर्लंडच्या पहिल्या कायद्यातही मुलांच्या पालकत्वाची व्यवस्था नव्हती. पण तिथे पहिली पायरी पुढच्या पायरीच्या आड आली नाही, उलट तिच्यामुळे दुसरी सोपी झाली. आणि ज्याचा जोडीदार आज अतिदक्षता विभागात आहे, त्याला तत्त्वाचा पूर्ण विजय होईपर्यंत थांबा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? विवाहाची मागणी कायम ठेवून सहजीवनाची नोंद स्वीकारण्यात कोणाचाच पराभव नाही. अट एकच असावी, की हा कायदा म्हणजे शेवट, असे त्यात कुठे लिहिलेले नसावे.

असा कायदा केला तर तो समलिंगी जोडप्यांपुरता ठेवण्याचेही कारण नाही. उतारवयात सोबत मिळावी म्हणून ज्येष्ठ नागरिकांच्या सहजीवनासाठी पुण्यात मंडळ निघाले, हे अनेकांना आठवत असेल. विधुर आजोबा आणि विधवा आजी यांना एकमेकांचा आधार हवा असतो. पण निवृत्तिवेतन, मुलांचा वारसा, सुनांचे टोमणे यांमुळे पुन्हा लग्न नको असते. रुग्णालयातला तो रकाना त्यांनाही छळतो. फ्रान्सप्रमाणे कोणाही दोन सज्ञान व्यक्तींना ही नोंद करता आली, तर कायदा कोणा ‘वेगळ्या’ लोकांसाठी राहणार नाही आणि त्याच्या रांगेत उभे राहायला कोणाला लाज वाटणार नाही.

एक काळजी मात्र घ्यावी लागेल. विशेष विवाह कायद्यात तीस दिवस आधी नोटीस लावावी लागते. ती कचेरीच्या फलकावर लागली, की बातमी घरी पोचते आणि जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या मुलामुलींच्या मागे माणसे लागतात. उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून एकत्र राहणाऱ्या जोडप्यांना नोंदणी सक्तीची केली. तीही फक्त स्त्री-पुरुषांना. नोंदवही ही आधार देण्यासाठी असावी, पाळत ठेवण्यासाठी नसावी. म्हणून ही नोंद ऐच्छिक असावी, नोटीस फलकावर लागू नये आणि घरच्यांकडून धोका असेल त्यांना संरक्षण मिळावे.

हे सारे दिल्लीनेच करावे असेही नाही. विवाह, वारसा आणि दत्तक हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत, पाचव्या नोंदीत आहेत. म्हणजे त्यांवर राज्यालाही कायदा करता येतो आणि केंद्रीय कायद्याशी विसंगती आली तर राष्ट्रपतींच्या संमतीने तो राज्यात टिकू शकतो. महाराष्ट्राने १९९८ मध्ये विवाह नोंदणीचा स्वतःचा कायदा केलेला आहेच. शिवाय २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करून इतर राज्यांना वाट दाखविली आहे.

या शेवटच्या कायद्याची मुळे नाशकात आहेत. जून २०१३ मध्ये जातीबाहेर लग्न केले म्हणून आपल्याच शहरात एका गर्भवती मुलीचा तिच्या वडिलांनीच जीव घेतला. जातपंचायतीचा दबाव उघड झाला. ऑगस्टमध्ये नाशकात अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जातपंचायतींविरुद्ध परिषद भरली, डॉ. नरेंद्र दाभोलकर तिला होते आणि त्यानंतर काही दिवसांतच पुण्यात त्यांची हत्या झाली. एका मुलीच्या मृत्यूपासून कायद्यापर्यंत तीन वर्षे लागली. पंचांनी मान्य न केलेले नातेही नाते असते, ही गोष्ट त्या कायद्याने मान्य केली. नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा याच वाटेवरचा पुढचा टप्पा ठरेल. नाशिक जिल्ह्यातील एखाद्या आमदाराने निदान अशासकीय विधेयक मांडून विधानसभेत चर्चा तरी घडवावी. चर्चेत विरोध झाला तरी चालेल. आज विरोधही नाही आणि पाठिंबाही नाही, नुसती टाळाटाळ आहे.

कायदा होईपर्यंत काही गोष्टी हातातल्या आहेत. अशा जोडप्यांनी मृत्युपत्र करून ते नोंदवावे, घर घेताना दोघांची नावे लावावीत, आजारपणात आपल्या वतीने कोणी बोलावे हे लिहून ठेवावे. रुग्णालयांनी ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात रुग्ण स्वतः जे सांगेल ते लिहावे. त्यासाठी कोणत्याही सर्वोच्च न्यायालयाची परवानगी लागत नाही.

आणि काही गोष्टी घरातल्या आहेत. एप्रिल २०२३ मध्ये, सुनावणी चालू असताना, ‘स्वीकार’ या पालकांच्या संस्थेतील चारशेहून अधिक आई-वडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. आपले वय होत चालले आहे, मुलांच्या नात्यावर कायद्याची मोहोर उमटलेली आपल्या हयातीत पाहायला मिळावी, अशी त्यांची विनंती होती. ही माणसे चळवळीतली नव्हेत. मुलाने सांगितले तेव्हा त्यांच्याही घरात रडारड झाली असेल, अबोला झाला असेल. पण आपण गेल्यावर आपल्या मुलाच्या उशाशी कोण बसेल, हा विचार त्यांनी केला आणि त्या बसणाऱ्या माणसाला बसण्याचा हक्क मागितला. लग्न ठरविताना आपण सारे पालक याहून निराळे काय पाहतो?